नव्या नांवांचा महिना

ह्या सदरांत खेळांविषयीं लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आणि जो खेळ अद्याप सुरूच व्हावयाचा आहे त्याच्याविषयीं लिहिण्याचा तर हा पहिलाच प्रसंग होय. माझी स्वतःची खेळांतील गति किती आहे हें घरच्या मंडळींस चांगलें ठाऊक आहे. शाळेंत असतांना आट्यापाट्यांच्या डावांत मी बहुधा पहिल्याच पाटीवर मारला जात असें, आणि मग उरलेला सर्व वेळ कडेला बसून दुसऱ्यांचे सदरे सांभाळीत असें. तेव्हां चेंडू कसा फेंकावा आणि तो जाळ्यांत कसा पाडावा ह्याचें ज्ञान मजकडून मिळेल, अशी आशा तरुण वाचकांनीं ठेवूं नये. मला लिहावयाचें आहे तें सदरे सांभाळीत बसणाऱ्यांविषयीं, म्हणजे वाट पाहणाऱ्यांविषयीं.

२०२५ सालच्या सप्टेंबरांत मी आणि सौभाग्यवती असे दोघे अमेरिकेंत पुतण्याकडे गेलों आणि तेथें सहा आठवडे राहून आलों. पुतण्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील शार्लट शहरीं एका बँकेंत नोकरीस आहे. तें शहर मोठमोठ्या बँकांबद्दलच प्रसिद्ध आहे. त्याचें बिऱ्हाड मात्र शहराच्या उत्तरेस वीसएक मैलांवर, डेव्हिडसन नांवाच्या लहानशा गांवीं आहे. पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं, दिवसरात्रीचा सगळाच घोळ झाल्यामुळें, मला पहाटे चारासच जाग आली. स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणून डोकावलों, तों आमचा बारा वर्षांचा नातू मेजाशीं वही उघडून बसलेला. एवढ्या पहाटे उठून अभ्यास करणारें पोर आपल्या कुळांत निपजलें, ह्या विचारानें मला क्षणभर धन्यता वाटली. जवळ जाऊन पाहतों, तों वहींत नांवांची एक लांबलचक यादी, आणि त्यांतील बऱ्याचशा नांवांवर लाल पेन्सिलीनें रेघ मारलेली.

‘काय रे, हजेरीपट घेऊन बसलास कीं काय?’ मीं विचारलें. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास दुसरें काय सुचणार!

‘आजोबा, हा आपला संघ,’ तो म्हणाला, ‘आणि हे लाल रेघेचे आहेत ना, हे गेले.’

‘गेले?’ माझ्या छातींत धस्स झालें. एका वर्षांत इतकीं तरणींताठीं मुलें!

‘गेले म्हणजे दुसऱ्या कॉलेजांत गेले हो, आजोबा!’

अशा रीतीनें डेव्हिडसन महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाशीं माझा परिचय झाला, आणि तोही संघ मैदानावर उतरण्यास सहा-सात आठवडे असतांना. पुढें मुक्कामभर त्या वहीनें माझा पिच्छा सोडला नाहीं.

ज्यांस हा खेळ मुळींच ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. नेस्मिथ नांवाच्या एका व्यायामशिक्षकानें १८९१ सालच्या हिवाळ्यांत, बाहेर बर्फ असतां मुलांस घरांत खेळतां यावें म्हणून, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें तो बसविला. भिंतीच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितलें, इतकीच मूळची कल्पना. आज अमेरिकेंतील वरच्या वर्गाचीं साडेतीनशेंहून अधिक महाविद्यालयें नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत हा खेळ खेळतात. एका बाजूस पांच गडी, आणि चाळीस मिनिटांचा सामना. मार्चांत त्यांपैकीं ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते, आणि त्या तीन आठवड्यांत तो सारा देश आपले उद्योग बाजूस ठेवतो. नातवाच्या मतें जगांतील खरें वर्ष नोव्हेंबरांत सुरू होतें; जानेवारीचा पाडवा हा मोठ्या माणसांचा समज आहे.

आतां ह्या महाविद्यालयाविषयीं. १८३७ सालीं प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनीं तें स्थापन केलें. विद्यार्थी सारे मिळून दोन हजारांच्या आसपास. त्याच संस्थानांतील चॅपल हिलच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची संख्या तीस हजारांच्या घरांत जाते, ह्यावरून लहानमोठेपणाची कल्पना यावी. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन येथें १८७३-७४ मध्यें एक वर्ष शिकले आणि मग प्रिन्स्टनला निघून गेले. म्हणजे लहान कॉलेज सोडून मोठ्यांत जाण्याची रीति तेथें आजची नव्हे! येथें परीक्षा घेण्याची पद्धति मला सर्वांत अधिक मोहक वाटली. सत्र संपतांना विद्यार्थी आपल्या परीक्षेची वेळ आपणच ठरवितो, आणि पेपर लिहितांना खोलींत पर्यवेक्षक नसतो. कॉपी करणार नाहीं अशी प्रतिज्ञा त्यानें प्रवेशाच्या वेळीं केलेली असते, तेवढी पुरे मानतात. परीक्षेच्या खोल्यांतून तीस वर्षें येरझारा घातलेल्या माझ्यासारख्यास हें ऐकून प्रथम हसूं आलें, नंतर विषाद वाटला, आणि शेवटीं, खरें सांगावयाचें तर, किंचित् मत्सरही वाटला. आणखी एक गंमत: २०१५ पर्यंत हें महाविद्यालय विद्यार्थ्यांचे कपडेसुद्धां धुऊन देत असे. सौभाग्यवतींस त्या संस्थेविषयीं जो आदर उत्पन्न झाला तो मुख्यतः ह्या एका गोष्टीमुळें.

खेळाच्या हंगामापूर्वींचे हे दिवस मोठे चमत्कारिक असतात. पहिल्या सामन्याच्या आधींच्या ४२ दिवसांत ३० सराव करण्याची नियमानें मुभा असते. हे सराव बंद दारांआड चालतात. नातू आणि मी संध्याकाळीं फिरावयास जात असूं, तेव्हां क्रीडागृहाच्या भिंतीबाहेर थोडें थांबत असूं. आंतून बुटांचे तळवे फरशीवर घासल्याचा चीं-चीं आवाज, चेंडूचा धप-धप आवाज, आणि मधूनच एखादी शिट्टी, एवढेंच काय तें कानीं पडे. देवळाच्या बाहेर उभें राहून आंतील कीर्तनाचा केवळ टाळ ऐकावा आणि आख्यान कोणतें लागलें आहे हें ओळखण्याचा प्रयत्न करावा, तशांतलाच तो प्रकार. पण नातवास त्यांतूनही अर्थ लागे. ‘आज जोरांत चाललें आहे,’ असें तो एखाद्या वैद्यानें नाडी पाहावी त्या गांभीर्यानें सांगे.

ह्या वाट पाहण्याचाच एके काळीं उत्सव झाला, आणि तो करणारा गृहस्थ ह्याच गांवचा. लेफ्टी ड्रिझेल ह्या नांवाचे प्रशिक्षक १९६० पासून १९६९ पर्यंत डेव्हिडसन येथें होते. त्यांच्या हाताखालीं ह्या चिमुकल्या महाविद्यालयाचा संघ १९६८ आणि १९६९ अशीं लागोपाठ दोन वर्षें राष्ट्रीय स्पर्धेंत शेवटच्या आठांपर्यंत पोंचला आणि दोन्ही वेळां चॅपल हिलकडूनच हरला. पुढें ते मेरीलंडला गेले. त्या काळीं १५ आक्टोबरापूर्वीं सराव सुरू करण्यास बंदी होती. ड्रिझेल ह्यांनीं १९७१ सालीं काय करावें? तारीख बदलतांच, मध्यरात्रीं बारा वाजून तीन मिनिटांनीं, आपल्या गड्यांस मैदानाभोंवतीं मैल-दीड मैल धावावयास लावलें! ते पाहावयास विद्यार्थी जमले, आणि तेथून हंगामाच्या आरंभीं मध्यरात्रीं जमण्याची प्रथा देशभर पसरली. त्यांत खेळ असा नव्हताच; मध्यरात्रीं धावणारीं मुलें, एवढेंच दृश्य. पण सहा महिने उपाशी असलेल्या लोकांस तेंही पुरलें.

पहिल्या सामन्यापूर्वीं बहुतेक संघ कोठल्यातरी दूरच्या संघाशीं एखादा गुप्त सामना खेळतात, हेंही मला नवेंच कळलें. गुप्त म्हणजे खरोखरीच गुप्त. प्रेक्षक नाहींत, वार्ताहर नाहींत, गुणसंख्या जाहीर करावयाची नाहीं. अर्थात् ती दुसऱ्या दिवशीं फुटतेच. आपल्याकडे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ‘कोणास सांगूं नका हं’ म्हणून ठरतो आणि संध्याकाळपर्यंत आळींतल्या सर्व घरीं मुलाचा पगारदेखील ठाऊक होतो, तशीच ही गुप्तता.

परंतु लहान संघाच्या भक्तास हंगामापूर्वीं सर्वांत अधिक चिंता असते ती वेळापत्रकाची. त्यांतील व्यवहार सांगण्यासारखा आहे. मोठ्या विद्यापीठांस आरंभींच्या दिवसांत स्वतःच्या घरीं सोपे विजय हवे असतात, आणि लहान महाविद्यालयांस पैसा हवा असतो. तेव्हां मोठा लहानास आमंत्रण देतो, आणि येऊन हरून जाण्याबद्दल लाखभर डॉलरांच्या आसपास दक्षिणा देतो. कित्येक लहान महाविद्यालयांच्या क्रीडाखात्यांचा प्रपंच ह्या दक्षिणेवर चालतो. मोठ्यांनीं लहानांच्या अंगणांत जाऊन खेळावें, असें मात्र फारच क्वचित् घडतें. राष्ट्रीय स्पर्धेसाठीं निवड करतांना निवडसमिति विचारणार, ‘तुम्ही कोणास हरविलेंत?’ आणि ज्यांस हरविल्यानें प्रतिष्ठा मिळावयाची ते खेळावयास उभे राहत नाहींत. आपल्याकडील नोकरीच्या जाहिरातींत ‘अनुभव आवश्यक’ असतें, आणि नोकरीवांचून अनुभव कोठून आणावा हें कोणी सांगत नाहीं. त्याचीच ही आवृत्ति.

म्हणूनच २००७ सालची शरदऋतूंतील गोष्ट त्या गांवांत अजून सांगितली जाते. पुतण्याच्या शेजारीं एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनीं ती मला कुंपणावरून दोनदां सांगितली, आणि दोन्ही वेळां त्यांचा आवाज सारख्याच ठिकाणीं कांपला. बॉब मॅकिलप हे तेथील प्रशिक्षक. १९८९ सालीं ते आले तेव्हां पहिल्याच हंगामांत त्यांच्या संघानें चार सामने जिंकले आणि चोवीस गमावले. तरी त्यांस कोणीं काढलें नाहीं, आणि तेही कोठें गेले नाहींत. २००७ च्या हंगामासाठीं त्यांनीं जें वेळापत्रक आंखलें तें पाहून लोक चकित झाले: चॅपल हिल, ड्यूक, कॅलिफोर्नियांतील यू. सी. एल. ए. असे एकाहून एक दिग्गज! ह्या तिघांशींही संघ हरला. चॅपल हिलशीं अवघ्या चार गुणांनीं आणि ड्यूकशीं सहा गुणांनीं. पुढें आणखी एक सामना एका गुणानें गेला, आणि नाताळाच्या तोंडाशीं हिशेब झाला चार जय आणि सहा पराजय असा. त्यानंतर मात्र हा संघ लागोपाठ पंचवीस सामने जिंकला. मार्चांतील राष्ट्रीय स्पर्धेंत त्यानें गोंझागा, जॉर्जटाऊन आणि विस्कॉन्सिन ह्यांस क्रमाक्रमानें लोळविलें, आणि शेवटच्या आठांत कॅन्सासशीं ५९ विरुद्ध ५७ असा दोन गुणांनीं हरला. अखेरचा चेंडू जाळ्यांत पडता तर संघ शेवटच्या चारांत जाता. त्या वर्षीं कॅन्साससच अजिंक्यपद मिळालें. त्या सामन्यांसाठीं महाविद्यालयाच्या विश्वस्तांनीं विद्यार्थ्यांस स्वतःच्या खर्चानें डेट्रॉइटला नेलें; गाडी, तिकीट, निवास, सर्व. शेजाऱ्यांचा आवाज कांपे तो त्या शेवटच्या चेंडूपाशीं.

त्या संघांत स्टीफन करी नांवाचा एक मुलगा होता. आज त्याचें नांव आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. पण तो कॉलेजांत जावयाच्या वेळीं इतका किरकोळ दिसे, कीं त्याचे वडील ज्या व्हर्जिनिया टेकमध्यें शिकले आणि गाजले त्या विद्यापीठानेंही त्यास शिष्यवृत्ति देऊं केली नाहीं. मॅकिलप ह्यांनीं त्यास घेतलें. २००६ च्या नोव्हेंबरांत त्याचा पहिला सामना झाला, त्यांत त्यानें तेरा वेळां चेंडू गमावला. तेरा वेळां! कोणीही प्रशिक्षक त्यास दुसऱ्या दिवशीं बांकावर बसविता. मॅकिलप ह्यांनीं त्यास पुन्हां खेळविलें, आणि मिशिगनविरुद्ध त्या पोरानें बत्तीस गुण केले.

मला ह्या कथेंत गोडी वाटली ती बत्तीस गुणांची नव्हे. त्या तेरा चुकांनंतर मध्यें जी एक रात्र गेली तिची. मास्तराचें खरें काम त्या रात्रींत असतें. आणि लहान संघाचें भाग्यही त्यांतच. मोठ्यांच्या डोळ्यांतून निसटलेला मुलगा घ्यावा, त्याच्या चुका सोसाव्या, पहिल्या वर्षीं तो बांकावर, दुसऱ्या वर्षीं दहा मिनिटें, तिसऱ्या वर्षीं अर्धा सामना, आणि चवथ्या वर्षीं सारें गांव त्याच्या नांवानें ओरडावें. आइसलंडहून आलेला गुडमुंडसन, आस्ट्रियाहून आलेला ब्राइकोविच, हे दोघेही तेथें चार चार वर्षें राहिले. एक २०१९ मध्यें आणि दुसरा २०२२ मध्यें त्यांच्या गटांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तेव्हां आक्टोबर महिन्यांत भक्तास जो आनंद असे तो असा: मोहोर गेल्या वर्षीं पाहिलेला आहे, यंदां कैरी धरणार, आणि पुढच्या वर्षीं आंबा.

आतां कैरी धरली कीं दुसराच कोणी ती उतरवून नेतो.

पूर्वीं कॉलेज बदलणाऱ्या गड्यास एक पूर्ण वर्ष बांकावर बसावें लागे, म्हणून फारसा कोणी बदलीत नसे. २०१८ सालीं बदलीसाठीं एक नोंदवही निघाली. २०२१ पासून एकदां विनादंड बदलण्याची मोकळीक झाली, आणि २०२४ पासून, अभ्यास नीट असल्यास, कितीही वेळां बदलण्याची. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंस आपल्या नांवावर जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची परवानगी मिळाली; आणि २०२५ च्या जुलैपासून तर एका खटल्यांतील तडजोडीमुळें महाविद्यालयेंच खेळाडूंस थेट पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षासाठीं मर्यादा, सर्व खेळ मिळून, एका महाविद्यालयास सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर. ह्या बाजारांत दोन हजार विद्यार्थ्यांचें महाविद्यालय कोठवर पुरें पडणार? २०२५ च्या वसंतऋतूंत डेव्हिडसनचा सर्वांत अधिक गुण मिळविणारा गडी रीड बेली इंडियानास गेला, आणि लांबून नेम धरण्यांत तरबेज असलेला बॉबी डर्किन मिनेसोटास. नातवाच्या वहींतील पहिल्या दोन लाल रेघा ह्याच. बेलीच्या नांवावरची रेघ इतकी दाबून मारलेली होती कीं ती मागच्या पानावर उमटली होती.

एके रात्रीं जेवतांना नातवानें विचारलें, ‘आजोबा, तो आपला होता ना? मग कां गेला?’

मला आयतेंच व्यासपीठ मिळालें. निष्ठा, गुरुऋण, मातीचा गुण, अशी माझी गाडी सुरू झाली. मी तीस वर्षें ज्या कॉलेजांत गणित शिकविलें तें एका आडगांवचें, चार खोल्यांपासून वाढलेलें. दरवर्षीं पहिल्या वर्गांत पांच-सहा मुलें चमकत. मी त्यांस घरीं बोलावी, सुटींत वर्ग घेई. आणि दुसऱ्या वर्षाच्या जूनांत हजेरीपट उघडावा तों नेमकीं तींच नांवें नाहींत. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस. राहिलेल्यांस घेऊन मीं पुन्हां आरंभ करावा. हें सर्व मीं त्या रात्रीं मोठ्या आवेशानें सांगितलें. सूनबाई आदरानें ऐकत होत्या. पुतण्या मात्र पानांतील भाताशीं खेळत होता. शेवटीं तो हळूच म्हणाला, ‘काका, मीही दुसऱ्या वर्षीं तुमचें कॉलेज सोडलेंच कीं.’

सोडलें होतें खरें. हा माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा, चवथीपासून आमच्याच घरीं वाढलेला. पुण्यास जावयाचें त्यानें ठरविलें तेव्हां दाखल्याच्या अर्जावर शिफारस मीच लिहिली, कारण त्याचे गुण तसे होते. आणि नंतर तीन आठवडे त्याच्याशीं बोललों नाहीं. तो निघाला त्या दिवशीं सकाळीं मुद्दाम लवकर कॉलेजांत जाऊन बसलों. इतक्या वर्षांत ह्या गोष्टीचा आमच्या घरांत कधीं उच्चार झालेला नव्हता.

‘तुम्हांला राग आला होता, काका?’

‘राग नव्हे रे,’ मीं म्हटलें, आणि पुढें काय म्हणावें हें मला सुचेना. ‘त्या वर्षीं कलनशास्त्र शिकवावयाला वर्गांत कोणी उरलें नाहीं, इतकेंच.’ तो हसला. सौभाग्यवतींनीं ताक वाढण्याच्या निमित्तानें विषय बदलला.

त्या रात्रीं माझें मत थोडें सैल झालें, हें कबूल केलें पाहिजे. एकवीस वर्षांच्या मुलास एका वर्षांत त्याच्या बापाच्या दहा वर्षांच्या मिळकतीएवढें कोणी देऊं केलें, तर त्यानें शेजाऱ्यांच्या कांपऱ्या आवाजाखातर तें नाकारावें, असें म्हणावयास मला अधिकार काय? इतकीं वर्षें ह्या मुलांच्या घामावर प्रशिक्षकांनीं, वाहिन्यांनीं आणि विद्यापीठांनीं धन मिळविलें आणि मुलांस मिळाली ती फक्त शिष्यवृत्ति, ही गोष्ट कांहीं शोभादायक नव्हती. शिवाय हा रस्ता दोन्ही बाजूंनीं वाहतो. फॉस्टर लॉयर नांवाचा गडी मिशिगन स्टेटसारख्या बलाढ्य विद्यापीठांतून २०२१ सालीं डेव्हिडसनला आला. तेथें तो बांकावर असे; येथें तो कर्ता झाला. आणि दैवाचा खेळ असा कीं, २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत डेव्हिडसनची गांठ पडली ती मिशिगन स्टेटशींच! ७४ विरुद्ध ७३, एका गुणानें डेव्हिडसन हरलें. मॅकिलप ह्यांचा तो अखेरचा सामना ठरला. तेहतीस हंगामांनंतर त्या जूनांत ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याच हाताखालीं खेळलेला त्यांचा मुलगा मॅट त्यांच्या जागीं आला.

तरीही माझें कोठेंतरी अडतें. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाहीं. माझें मन त्या बारा वर्षांच्या मुलाकडे ओढतें. संघाचा सदरा तोच, रंग तोच, लाल आणि काळा; पण मूल सदऱ्यावर प्रेम करीत नाहीं, तें नांवावर करतें. दर आक्टोबरांत त्यास नवीं नांवें पाठ करावयास लावणें म्हणजे दर जूनांत नवा हजेरीपट. मास्तरास त्याचा पगार मिळतो. पोरास काय मिळतें?

ह्या संदर्भांत महाविद्यालयाची एक जुनी रीति मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खेळाडूच्या अंगावरील क्रमांक त्याच्या गौरवार्थ कायमचा राखून ठेवावयाचा, तर तो खेळाडू पदवीधर असला पाहिजे, असा तेथें नियम आहे. करी २००९ सालीं पदवी घेण्याआधींच धंदेवाईक खेळांत गेला. पुढें तो जगप्रसिद्ध झाला, अजिंक्यपदें मिळविलीं, अमाप पैसा मिळविला. तरी ३० हा त्याचा क्रमांक महाविद्यालयानें राखून ठेविला नाहीं. पदवी आण, मग पाहूं! अखेर २०२२ च्या वसंतांत त्यानें राहिलेला अभ्यास पुरा केला, समाजशास्त्राची पदवी मिळविली, आणि त्या वर्षीं ३१ आगस्ट रोजीं त्याच्या एकट्यासाठीं पदवीदान समारंभ झाला. त्याच वेळीं तो क्रमांकही वर टांगला गेला. तेरा वर्षें ती भिंत रिकामी ठेवण्याचा हट्ट ज्या संस्थेनें धरला, तिच्याविषयीं आमच्या वर्गांतील वाचकांस आपुलकी वाटल्यावांचून राहणार नाहीं. २०२५ सालीं करीनें आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉलसाठीं दुय्यम व्यवस्थापकाचें पद पत्करलें, आणि निधि उभारण्यास हातभार लावला. म्हणजे ज्या बाजारांत त्याचें कॉलेज लहान पडूं लागलें, त्याच बाजाराची थैली घेऊन तो परत आला. हें चांगलें झालें कीं वाईट, ह्यावर पुतण्या आणि शेजारी ह्यांचा कुंपणावर अर्धा तास वाद चालला. मला दोघांचेंही म्हणणें पटलें, म्हणून मी आंत जाऊन चहा केला.

आमच्या निघण्याच्या आधल्या आठवड्यांत नातवानें नवी यादी पुरी केली. लाल रेघांचें पान फाडून टाकावें असें मीं सुचविलें. त्यानें तें ऐकलें नाहीं. ‘तीं नांवें राहूं देत, आजोबा. इंडियानाचा सामना असला कीं मी बघणार आहें.’ मीं पुतण्याकडे पाहिलें. तो खिडकींतून बाहेर पाहत होता.

विमानतळावर नातवानें माझ्या हातांत एक घडी घातलेला कागद दिला. नव्या संघाचीं सर्व नांवें त्यानें त्यावर देवनागरींत लिहून काढलीं होतीं. सहा आठवड्यांत आजीकडून शिकलेलीं अक्षरें; ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाहीं, ‘र’ला काना कोठें द्यावा ह्याचा घोटाळा, पण ओळ सरळ. खालीं वेळेचा हिशेब: तेथें नोव्हेंबरांत घड्याळें एक तास मागें सारतात, तेव्हां तिकडे संध्याकाळीं सातास सामना असला कीं इकडे दुसऱ्या दिवशींचे पहाटेचे साडेपांच.

घरीं आल्यावर तो कागद मीं देवघराशेजारच्या भिंतीवर, दिनदर्शिकेखालीं लावला, आणि पहाटे सव्वापांचाचा गजर लावून ठेविला. ‘दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी घ्यावयाला एवढ्या पहाटे उठणार आहांत?’ सौभाग्यवतींनीं विचारलें, आणि दूध बाहेर काढून ठेविलें. नांवें बहुतेक पाठ झालीं होतीं. एकाचा उच्चार तेवढा कांहीं केल्या जमेना. तो पुतण्यास फोन करून विचारून घेतला.